रूळ, रस्ता आणि जिवाची किंमत

कोकणातल्या वीर गावी कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग जवळजवळून जातात. मरणाचा हिशेब मात्र रुळावर वेगळा, रस्त्यावर वेगळा. 16 जून 2004 रोजी याच रेल्वेमार्गावर करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर आलेल्या दगडांनी घसरली आणि डबे पुलावरून खाली गेले. रेल्वे अपघातात मृत्यू आला तर तेव्हा भरपाई 4 लाख होती. 2017 पासून ती 8 लाख आहे. मेलेला मुकादम होता की मॅनेजर, हे तिथे विचारत नाहीत.

महामार्गावर पहिला प्रश्न कमाईचा. समजा, 33 वर्षांचा गवंडी, महिन्याची मिळकत 15,000, मागे बायको आणि दोन मुले. पुढच्या वाढीचे चाळीस टक्के धरून 21,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा जाता 14,000. त्याला बारा महिन्यांनी आणि वयाप्रमाणे ठरलेल्या सोळाने गुणले की 26,88,000. मिळकत दुप्पट असती तर रक्कमही दुप्पट.

माणसागणिक बदलणारी रक्कम नवी नाही. प्राचीन आपस्तंब धर्मसूत्रात वैर फेडण्यासाठी क्षत्रियाच्या वधाला हजार गाई, वैश्याच्या शंभर आणि शूद्राच्या दहा सांगितल्या आहेत. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. मग मिळकतीवरची उतरंड का चालते? आपस्तंब माणसाची पायरी मोजतो, रस्ते अपघाताची भरपाई ठरवणारे न्यायाधिकरण घरात यायचे बंद झालेले पैसे मोजते. ही भरपाई जिवाची नाही, चुलीची आहे. उलट रेल्वेच्या सपाट आकड्याला मागे किती तोंडे खाणारी उरली हे दिसत नाही.

दुःखाची गोष्ट निराळी. तिथे रस्त्याचा कायदाही सपाट होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये जोडीदाराच्या वियोगाचे 40,000 ठरवले, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढीसह. 2018 मध्ये मुले आणि आईवडीलही त्यात आले. जर्मनीत निव्वळ शोकाबद्दल भरपाईची तरतूद 2017 पर्यंत नव्हती. इंग्लंडमध्ये 2020 पासून ती 15,120 पौंड आहे, पण जोडीदाराला आणि अज्ञान मुलाच्या आईबापांना. आईबाप गेलेल्या मुलांना नाही.

शोक कोणाचा मानायचा, याची आपली जुनी यादी म्हणजे सूतक. भावाला दहा दिवस, लग्न होऊन गेलेल्या बहिणीला त्याहून कमी. रेल्वे कायद्याच्या यादीत भाऊ येतो तो अज्ञान आणि मृतावर अवलंबून असेल तरच. रस्ते अपघातात भाऊही वारस म्हणून दावा लावू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितले. वियोगाच्या रकमेत मात्र त्याचे नाव 2018 च्या निकालातही आले नाही.