ठसा आणि साक्ष

वस्तूवर नांव घालण्याची चाल मनुष्यजातींत फार जुनी आहे. राजा नाण्यावर आपली मुद्रा उमटवितो, सोनार दागिन्यावर ठसा मारतो, ग्रंथकार मुखपृष्ठावर स्वतःचें नांव छापवितो. परंतु नांव घालणारा त्या नांवानें नेमकें काय सांगत असतो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. ‘हें मीं केलें’ असें तो सांगतो, कीं ‘हें माझें आहे’ असें, कीं ‘याच्या बऱ्यावाईटाबद्दल मी उत्तरदायी आहें’ असें? तिन्ही अर्थ एकाच ठशांत दडलेले असतात, आणि पहिल्या अर्थाचा मान दुसऱ्या किंवा तिसऱ्या अर्थाच्या धन्याकडे नकळत जातो. यांत असत्य आहे काय, आणि असल्यास तें कोणाचें, याचा थोडासा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल आम्ही एक आडवाटेचा विषय घेतों. एकोणिसाव्या शतकांतील शिकारीच्या दुनळी बंदुका ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस त्यांच्या नळ्यांवरील पाण्याच्या लहरींसारखी किंवा कुरळ्या केसांसारखी नक्षी आठवेल. असल्या नळ्यांस युरोपांत ‘दमास्कस’ म्हणत. घोटाळ्यास या नांवापासूनच आरंभ होतो. ज्या तलवारींमुळें दमास्कस शहराचें नांव गाजलें, त्यांचें पोलाद मुशींत तयार झालेलें असे, आणि तशा पोलादाविषयीं आपल्या हिंदुस्थानची ख्याति होती. त्यावरील लहरी धातु हळूहळू थिजतांना त्याच्या पोटांतच उपजत. बंदुकीच्या नळीची गोष्ट निराळी. तेथें लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचून त्यांचा गठ्ठा भट्टींत तापवीत व ठोकून एकजीव करीत. त्याचे लांब चौकोनी गज काढीत. ते लाल असतांना त्यांस दोरीसारखा पीळ देत. मग असे दोन, तीन, चार किंवा सहा गज शेजारींशेजारीं सांधून एक फीत करीत, आणि ती फीत एका कांबीभोंवतीं गुंडाळून तिच्या कडा पुन्हां ठोकून जोडीत. अखेर आंतून कोरून व बाहेरून घांसून नळी सिद्ध झाली, कीं तिला अम्लाचा हात देत. लोखंड आणि पोलाद हीं अम्लानें निरनिराळा रंग धरतात, आणि इतका वेळ धातूच्या पोटांत असलेला पीळ पृष्ठभागावर दिसूं लागतो.

म्हणून ही नक्षी म्हणजे वरून काढलेलें चित्र नव्हे. नळी कशी घडली याची ती नोंदच होय. फितीचे दोन सांधे शोधून त्यांच्यामध्यें कुरळ्यांच्या रांगा किती आहेत हें मोजलें, तर गज किती वापरले हें कळतें. बारीक कुरळ्यांच्या नक्षीस ‘क्रोले’ म्हणत. दुसऱ्या एका प्रसिद्ध जातीस पॅरिसच्या बर्नार नामक नळी घडविणाऱ्याचें नांव मिळालें. इंग्लंडांत तर घोड्याच्या नालांचे जुने खिळे गोळा करून त्यांच्या लोखंडापासूनहि नळ्या करीत. बोस्टन, वॉशिंग्टन, ऑक्सफर्ड अशीं नांवेंहि नक्षींस दिलेलीं आढळतात; परंतु तीं बाजाराचीं नांवें. ज्या भट्ट्यांतून तो माल निघे, त्या बेल्जममध्यें होत्या.

लिएज शहराजवळ व्हेद्र नदीचें खोरें आहे. तेथील नेसाँव्हो, फ्रेपाँ, त्रूझ अशा लहान गांवांतून हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. तेथून कच्च्या नळ्या बर्मिंगहॅमला जात, आणि समुद्रापलीकडे अमेरिकेंतील पार्कर, एल्. सी. स्मिथ, लेफीव्हर अशा नामांकित कारखान्यांतहि जात. तेथें बंदूक पुरी होई, आणि कारखानदाराचें नांव तिच्यावर झळकूं लागे. घडविणाऱ्याची खूण, असलीच तर, नळीच्या खालच्या अंगास, लांकडाखालीं झांकून जाणाऱ्या जागीं, दोनतीन अक्षरांची असे. एल्. एल्. एच्. हीं अक्षरें लोराँ लोशे-हाब्राँ याचीं, एवढें संग्राहकांनीं पुढें ओळखलें. परंतु अशा कितीक अक्षरांचे धनी निनांवीच राहिले.

अशा नळीवर तीन साक्षीदार उभे असतात: नक्षी, परीक्षेचा ठसा आणि नांव. आपल्या शास्त्रकारांत ज्ञानाचें प्रामाण्य स्वतः कीं परतः, असा एक मोठा वाद आहे. मीमांसकांच्या मतें ज्ञान स्वतःच प्रमाण असतें. नैयायिकांच्या मतें त्याचें प्रामाण्य बाहेरून ठरवावें लागतें. नक्षीकडे पाहतां मीमांसकांचा पक्ष खरा वाटतो, कारण येथें वस्तु स्वतःच आपला वृत्तांत सांगते. परंतु बाजारानें तिलाहि खोटें बोलावयास शिकविलें. साध्या लोखंडी नळीवर छापील नक्षी उठवून स्वस्त बंदुका ‘दमास्कस’ म्हणून विकल्या गेल्या. पारख अवघड नाहीं. लांकडाखालचा थोडासा भाग घांसून त्यास पुन्हां अम्ल लावावें. खरा पीळ परत वर येतो, खोटा येत नाहीं. तेव्हां वस्तूची साक्षहि परीक्षेवांचून घेऊं नये, हें नैयायिकांचें म्हणणें अखेर मान्य करावें लागतें.

दुसरा साक्षीदार परीक्षेचा ठसा. लंडनच्या बंदूक करणाऱ्यांच्या मंडळीस १६३७ मध्यें राजाची सनद मिळाली. लिएजच्या परीक्षेचें मूळ १६७२ च्या आज्ञेंत आहे. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ मध्यें कायद्यानें स्थापन झालें. नेहमींपेक्षां बरीच अधिक दारू भरून नळी उडवावयाची, आणि ती फुटली किंवा फुगली नाहीं तर तिच्यावर ठसा मारावयाचा, अशी तेथील रीत. लिएजचा ठसा म्हणजे लंबवर्तुळांत इ. एल्. जी. हीं अक्षरें व खालीं तारा. १८९३ पासून त्यावर मुकुट आला. हा साक्षीदार खरा तटस्थ. पण त्याची साक्ष त्या दिवसापुरती व त्या दारूपुरती असते. काळ्या दारूनें तपासलेल्या नळींत धूरविरहित दारूचें जोरदार काडतूस घातलें, तर जुना ठसा कोणाचा हात वांचवीत नाहीं. नळीवर १३ चा आंकडा असून आज तिचें भोक १२ चें भरत असेल, तर परीक्षेनंतर ती आंतून कोरली गेली व तिची भिंत पातळ झाली असें समजावें. ठसा तसाच राहिला, पण ज्या वस्तूविषयीं तो बोलत होता ती राहिली नाहीं. एकदां खरें असलेलें वाक्य कायमचें खरें धरून चालणें, हाहि असत्याचाच एक प्रकार आहे.

आतां तिसरा साक्षीदार, नांव. कसलीहि शंका न घेतां आपण विश्वास ठेवतों तो यावरच. आप्त कोणास म्हणावें हें सांगतांना आपल्या नैयायिकांनीं दोन गोष्टी मागितल्या आहेत: वस्तु जशी आहे तशी त्यास ठाऊक असावी, आणि ती तशीच सांगण्याची त्यास इच्छा असावी. ही कसोटी लावली म्हणजे बंदुकीवरील नांवांचे तीन वर्ग होतात. जोसेफ मँटन हा लंडनचा थोर कारागीर १८३५ मध्यें वारला. तरी त्याच्या नांवाचा भास व्हावा अशीं अक्षरें पुढें कितीतरी हलक्या बंदुकांवर कोरलीं गेलीं. हें उघड पाप होय. येथें चोरी कारागिराची नाहीं, तर त्याच्या उत्तरदायित्वाची आहे. बंदूक फुटली तर जाब देण्यास तो जिवंत नाहीं, आणि ज्यानें अक्षरें कोरलीं तो पडद्याआड आहे.

दुसरा वर्ग बेल्जमची नळी घेऊन स्वतःचें नांव घालणाऱ्या प्रामाणिक कारखानदाराचा. त्यास लबाड म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. त्यानें नळी निवडली, कोरली, दोन नळ्या एकमेकींस जोडून त्यांचा नेम साधला, आणि दोष निघाल्यास गिऱ्हाईक त्याच्याच दारीं येणार. ‘हें मीं घडविलें’ असें नव्हे, तर ‘याचा जाब मी देईन’ असें त्याचें नांव सांगतें, आणि तें खरें आहे.

तरीहि मनास कांहींतरी बोंचतें. तो खोटें बोलला नाहीं, पण एक खरें बोलावयाचें राहून गेलें. हा तिसरा वर्ग, म्हणजे न लिहिलेल्या नांवांचा. नळी सदोष निघाली तर ती कोणाच्या भट्टींतली हें शोधण्यास खालचीं दोन अक्षरें पुरेशीं होतीं. स्तुति पोंचविण्यास मात्र तीं अपुरीं पडलीं. अमेरिकेच्या १८९० च्या जकातीच्या कायद्यानें परदेशी मालावर मूळ देशाचें नांव घालणें भाग पाडलें. त्यायोगें देशाचें नांव मालावर आलें, माणसाचें आलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं वेरूळचें कैलास कोरणाऱ्यांचीं नांवें तरी कोठें आहेत? राष्ट्रकूट कृष्णराजाचें नांव राहिलें, आणि शिल्पी निनांवी राहिले. तेंच आपल्याकडे निरहंकाराचें लक्षण मानितात. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. स्वतः होऊन टाकलेलें नांव हा निरहंकार होय. दुसऱ्यानें पुसलेलें किंवा लिहूंच न दिलेलें नांव हा निरहंकार नव्हे. त्यागाचें पुण्य ज्यानें त्याग केला त्यास लागतें. ज्यास कोणी विचारलेंच नाहीं, त्याच्या वतीनें आपण त्यागाची प्रौढी मिरवूं नये. व्हेद्रकांठच्या लोहारानें नांव टाकलें नव्हतें. तें त्यानें जागा मिळेल तेथें, लांकडाखालीं कां होईना, ठोकून ठेवलें होतें.

१९१४ च्या ऑगस्टांत जर्मन सैन्य लिएजवर चालून आलें, आणि आधींच एकजिनसी पोलादापुढें मागें पडत चाललेला हा धंदा त्या युद्धानंतर पूर्वीसारखा उभा राहिला नाहीं. ज्यांचीं नांवें वर झळकत होतीं त्यांपैकीं कित्येकांचा इतिहास पुस्तकांत सांपडतो. ज्यांच्या हातांनीं पीळ दिला त्यांचा इतिहास पुष्कळ अंशीं त्या पिळांतच वाचावा लागतो. आमच्या मतें नांव घालणाऱ्यावर दोन ऋणें असतात. जें नांव आपण घातलें त्याचा जाब देणें हें पहिलें, आणि तें बहुतेक सज्जन फेडतात. जें नांव आपल्या नांवाखालीं झांकलें गेलें तें विचारणाऱ्यास मोकळेपणानें सांगणें हें दुसरें. त्यासाठीं कायदा नाहीं, परीक्षागृह नाहीं, ठसाहि नाहीं. म्हणूनच तें फेडलें कीं नाहीं यावरून मनुष्याची पारख होते.