विकत घेतलेला दिवस

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली. मुलगा पुण्याला असतो. त्याने फोनवर सांगितले, "बाबा, कारवारला जा. गाडी ठरवली आहे, माणूस ठरवला आहे. दिवसभर तो तुमचाच." हे शेवटचे वाक्य तेव्हा मला फार गोड वाटले. त्यात काही खटकण्यासारखे आहे हे ध्यानात यायला पुढे तीन महिने लागले, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

बेळगावच्या माणसाला कारवार काही परके नाही. खानापूर, रामनगर, जोयडा करीत अणशीचा घाट उतरला की हवा बदलते, अंगाला चिकटू लागते आणि भाषाही हळूच कूस बदलते. कानडी पाट्यांखाली कोकणी बोलणे सुरू होते. महाजन आयोगापुढे ज्या भागांचा वाद गेला त्यांत कारवार, सुपे, हल्याळही होते, हे आमच्या पिढीला पाठच असते. पण नकाशावर हक्क सांगितलेल्या गावात आपण कितीदा जातो? मी नोकरीच्या तेहतीस वर्षांत दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा लग्नाला.

सकाळी सातला तो गाडी घेऊन हजर झाला. चालक तोच आणि वाटाड्याही तोच. वय पंचेचाळीसच्या पुढे, बोलणे कोकणी. मी मराठीत बोलायचो, तो कोकणीत उत्तर द्यायचा आणि दोघांचेही काही अडले नाही. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही काका-काकू झालो. त्याने आधी काळी नदीवर नेले. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळलेल्या जुन्या पुलाची जागा दाखवली. एक ट्रक पाण्यात गेला होता, चालकाला वाचवण्यात आले. मग समुद्रकिनारा. रवींद्रनाथ ठाकूर विशीत असताना येथे येऊन राहिले होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी इथेच लिहिले, म्हणून किनाऱ्याला त्यांचे नाव आहे. तिथेच वाळूवर 'चपळ' नावाची जुनी युद्धनौका ठेवली आहे, ती पाहायला शाळेची मुले आली होती. समोर बेटे. दूर अंजदीव. वास्को द गामाचा मुक्काम झाला ते बेट, डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, आज नौदलाकडे आहे. हे सर्व तो नीट, न अडखळता सांगत होता. मी मास्तर. चांगले सांगणारा भेटला की मला आपसूक मार्क द्यावेसे वाटतात. मनात मी त्याला साठाच्या पुढे दिले होते.

गाव सोडून दक्षिणेला निघालो. बोगदा झाला, बिणगे मागे पडले, आणि रस्त्याच्या कडेने भिंत सुरू झाली. लांबच लांब, वर तारा. भिंतीपलीकडे माडांचे शेंडे तेवढे दिसत होते. नौदलाचा हा तळ. 'सीबर्ड' या नावाने त्याची कोनशिला ऑक्टोबर १९८६ मध्ये बसली आणि २००५ मध्ये 'कदंब' हे नाव घेऊन तो सुरू झाला. त्यासाठी किनाऱ्यावरची तेरा गावे उठली, चार हजारांवर कुटुंबे हलली. भरपाईचे खटले वर्षानुवर्षे चालले. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते आणि विसरलोही होतो.

एका ठिकाणी त्याने गाडी बाजूला घेतली. उतरला नाही. इंजिनही बंद केले नाही. काचेतून बोट दाखवून म्हणाला, "ते तीन माड दिसतात ना काका, त्यांच्या मागे आमचं घर होतं. मी नववीत होतो. आमच्या विहिरीचं पाणी, समुद्र हाकेवर असून, गोड होतं." मग थांबला. आणि म्हणाला, "आता ते कोण पितं, ठाऊक नाही."

एवढेच. गाडी पुढे निघाली. माझ्या घशाशी काहीतरी आले. हिच्याकडे पाहिले तर ही खिडकीतून मागे वळून त्या माडांकडे पाहत होती.

पुढचा दिवस सुरेख गेला. अंकोला लागले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात या गावाने नाव काढले होते. सुक्री बोम्मगौडा ही हालक्की समाजाची गाणारी बाई याच तालुक्यातली. पद्मश्री मिळालेली ही म्हातारी आम्ही गेलो त्याच महिन्यात, १३ तारखेला वारली. गंगावळी नदीपाशी शिरूरचा डोंगर १६ जुलै २०२४ ला रस्त्यावर कोसळला ती जागा पाहिली. मग साणीकट्ट्याची मिठागरे. भरतीचे पाणी घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत न्यायचे, ऊन पाण्याला खात जाते, तळाशी मीठ धरते आणि माणसे ते लांब दांड्याच्या फळीने ओढून ढीग करतात. दुपारी गोकर्ण, महाबळेश्वराचे दर्शन, गर्दी, जेवण. ते सांगत बसत नाही. संध्याकाळी परत सोडताना मुलाने भरलेल्या पैशांखेरीज मी त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवली. त्याने ती न बघता खिशात घातली. "परत या काका," म्हणाला. रात्री ही म्हणाली, "पाचशे कशाचे दिलेत?" मी म्हणालो, "दिवसभर राबला." ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांत तिच्या न बोलण्याचे बरेच प्रकार मला कळू लागले आहेत.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांना मी त्याचा नंबर दिला. ते मे महिन्यात जाऊन आले. कट्ट्यावर भेटले तेव्हा मी विचारले, "भिंतीपाशी थांबला होता का?" पोस्टमास्तर हसले. "थांबला तर! तीन माड, गोड पाणी. 'आता ते कोण पितं, ठाऊक नाही.' तेव्हा मलाही भरून आलं हो. मी पण पाचशे दिले." शब्द तेच, थांबणेही त्याच जागी. "तो डायलॉग आहे त्याचा," पोस्टमास्तर म्हणाले आणि पुडीतली सुपारी काढली.

मला लबाडी झाल्यासारखे वाटले. रात्री झोप लागेना. पाचशे रुपयांचे दुःख नव्हते. ते दुःख माझ्यासाठी नव्हते याचे दुःख होते. आणि हे असे शब्दांत मांडल्यावर माझे मलाच कसेसे झाले. मला त्याचे दुःख ताजे हवे होते. शहाळे कसे आपल्यासमोर कोयत्याने फोडून देतात, आधी फोडून ठेवलेले आपण घेत नाही, तसे. त्याचे घर गेले ही गोष्ट पोस्टमास्तरांना सांगितल्याने खोटी झाली का? घर एकदाच गेले होते. गिऱ्हाईक रोज नवे येत होते. रोज नवे शब्द त्याने कुठून आणावेत, आणि का?

मी तेहतीस वर्षे मराठी शिकवले. नववीला समुद्राची एक कविता होती. तिच्या शेवटच्या कडव्याला माझा आवाज जड होत असे. पहिली चार-पाच वर्षे तो आपला आपण व्हायचा. नंतर मी तो करू लागलो. आणि इथे मी खरे सांगतो, काही वर्षी असे झाले की मी तो करायला गेलो आणि करता करता तो खरोखर झाला. मुलांना यातले काय कळत होते कोण जाणे. पण वर्गात बसलेल्या कुणा मुलाने उठून म्हटले असते, "सर, गेल्या वर्षी माझ्या भावाच्या वर्गातही तुमचा आवाज इथेच जड झाला होता", तर ते खरे असूनही मला अपमान वाटला असता. पगार तर मीही घेत होतो. कीर्तनकारही दर गावी त्याच जागी थांबतो, त्याच ओवीला टाळ वाजतो आणि आरतीच्या ताटात पैसे पडतात. त्याला कुणी ठक म्हणत नाही.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाचे म्हणणे असे की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. कॉलेजात हे शिकताना 'साधन' या शब्दाकडेच माझे लक्ष असे. खरा शब्द 'केवळ' हा आहे. गाडीवाल्याला, पोस्टमनला, मास्तरला आपण साधन म्हणून वापरतोच. त्याशिवाय संसार चालत नाही, आणि त्यात कुणाचा अपमानही नाही. प्रश्न उरलेल्या भागाचा आहे. मुलगा म्हणाला होता, 'दिवसभर तो तुमचाच.' साडेचार हजारांत त्याचे हात आले, डोळे आले, रस्त्याची माहिती आली. घर गेल्याची गोष्ट त्यात येते का? येत नसेल तर ती त्याने आपण होऊन दिली, मग ती ताजी आहे का असे विचारणारा मी कोण? आणि येत असेल, म्हणजे ती त्याच्या मालातली एक वस्तू असेल, तर मला ठरलेला माल मिळाला. तक्रार दोन्हीकडून उभी राहत नाही. असे असूनही ती माझ्या पोटात होती. मग तिचे मूळ माझ्यातच कुठेतरी असणार.

ते मूळ मला शोधावे लागले नाही. उचगाव, कडोली, कुद्रेमनी, आमच्या खेडोपाडी दर हिवाळ्यात साहित्य संमेलने भरतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात. त्यांतले एखादे आमच्याकडे उतरतात. जेवण झाले की विचारतात, "सीमाभागात कसं काय?" आणि मी सांगतो. १९८६ चा जून, कानडी सक्तीविरुद्धचे आंदोलन, हिंडलग्याच्या रस्त्यावरचा गोळीबार. "पळताना माझी एक चप्पल सुटली. दुसरी हातात धरून शेतांतून घरी आलो." इथे मी थांबतो. मग म्हणतो, "ती एक चप्पल बरेच दिवस माळ्यावर होती." पाहुणे मान खाली घालतात. भाषणात ती चप्पल येते. पाहुणे जातात. ज्या वर्षी त्याच्या गावावर कोनशिला बसली ते हेच वर्ष, हेही मला त्या रात्रीच सुचले.

हे मी हिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "डायलॉग म्हणायचं तर म्हणा. पण मिठागरापाशी मी त्याला विचारलं होतं, विहिरीवर पाणी भरायला कोण कोण यायचं? तुम्ही फोटो काढत होता." मला याचा पत्ताच नव्हता. "मग?" "मग तो गप्प. किती वेळ. मला वाटलं, दुखावला. नंतर एकेक नावं आठवत बसला. त्याची मावशी पोरांना शिव्या द्यायची म्हणे, पोहऱ्यात दगड टाकतात म्हणून. हसला. ते नाही सांगितलं वाटतं पोस्टमास्तरांना."

सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत होते हे खरे आहे. ती सांगणाऱ्याला सांभाळते. रोज त्या भिंतीवरून गाडी न्यायची तर काहीतरी हाताशी लागतेच, कठडा लागतो तसे. पण कठड्याच्या आत जे काही आहे ते त्याच्याही नजरेआड होत असेल. माझी चप्पल मला आठवते. त्या दिवसाचे बाकी काय आठवते?

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. आईचे डोळे दाखवायला बेळगावला यायचे होते. मी म्हटले, घरी या. दवाखाना आटोपून दुपारी दोघे आले. आई सत्तरीच्या पुढची, डोळ्यांत औषध घातलेले, म्हणून चष्म्याआडून नुसती आवाजाच्या दिशेने बघणारी. चहा झाला. आता यजमान मी होतो. त्याने विचारले, "काका, तुमच्याकडे ते मराठीचं काय प्रकरण आहे?" आणि मी सुरू झालो. शब्दामागून शब्द येत होते. चप्पल सुटली, शेतांतून आलो, थांबलो, माळा. त्याने नीट ऐकले. मी भिंतीपाशी ऐकले होते त्याहून नीट.

म्हातारी म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी घरी आल्यावर जेवलात की नाही?"

मला आठवेना. खरोखरच आठवेना. शेत आठवत होते, हातातली चप्पल आठवत होती, दार आठवत होते. दारापुढे काहीच नव्हते. मी तसाच बसून राहिलो.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "पिठलं केलं होतं मी. लग्नाला वर्ष झालं होतं नुकतं, नीट जमायचं नाही, गुठळ्या व्हायच्या. तुम्ही एक घास घेतलात आणि म्हणालात, मीठ कमी आहे."