सरासरीचा पाऊस

“यंदा पाऊस सरासरीइतका झाला,” हें वाक्य वाचून आम्हां नोकरपेशांचें समाधान होतें. दिग्रसच्या काळ्या रानांत पऱ्हाटी लावणाऱ्याचें तें कां होत नाहीं, हा प्रश्न आम्हांस गणिताइतकाच नीतीचा वाटतो.

कल्पना करा कीं, एका गांवीं चार वर्षें दरसाल ८०० मिलिमीटर पाऊस पडला; पुढील चार वर्षें मात्र ४००, १२००, पुनः ४०० आणि १२००. सरासरी केसभरहि हालली नाहीं. पण एका सालीं पेरणी करपली, दुसऱ्या सालीं बोंडें सडलीं. हा पालट हुडकावयाचा तर प्रत्येक वर्षाचें सरासरीपासूनचें अंतर घ्यावें, त्याचा वर्ग करावा आणि त्या वर्गांची बेरीज सालोसाल पुढें नेत जावी. चंचलता पूर्वीचीच असेल, तर बेरीज साधारण एकाच चढानें वाढते. चढ जेथून ताठ होतो, तेथून कांहीं तरी पालटलें. १९९४ मध्यें इन्क्लान व तिआओ यांनीं या युक्तीस शास्त्रीय कसोटीचें रूप दिलें.

ही नुसती कल्पना नव्हे. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं १९५१ ते २००० पर्यंतचा मध्य भारताचा रोजचा पाऊस तपासला आणि २००६ मध्यें दाखविलें कीं, अतिवृष्टीचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे घटले. एकानें दुसऱ्यास झांकलें आणि सरासरी जवळपास तशीच राहिली.

अडचण पुढेंच आहे. एखादें विलक्षण वर्ष आलें तरी बेरीज उडी घेते. उडी कोणती व चढ कोणता, हें कळावयास थांबावें लागतें. शंभरांत पांचांहून अधिक वेळां खोटी हाकाटी होऊं नये, असा विद्वानांचा दंडक. आम्हीहि तो सद्गुण म्हणून शिकविला. परंतु हा पांचाचा आंकडा गणितांतून निघालेला नाहीं, माणसांनीं ठरविलेला आहे. घाईनें बोलून चुकलों तर आमची अब्रू जाते. गप्प राहून चुकलों तर बियाणें दुसऱ्याचें जातें. खोट्या हाकाटीवर विसंबून कोणी पऱ्हाटींत तुरीची एक ओळ अधिक घातली, उताराला चर खणला, तर त्याचें असें कितीसें गेलें?

हा दंडक फळ्यावर लिहीत असतां मागच्या बांकावरील एका कास्तकाराच्या मुलानें आम्हांस विचारलें होतें, “सर, हे ठरेपर्यंत आमच्या बाबानं किती डाव पेराव?” आम्ही त्यास पुढचें उदाहरण सोडवावयास सांगितलें.