रिकाम्या बेडचा मालक

गेल्या वर्षी आमच्या टीमकडे एका हॉस्पिटलचा डॅशबोर्ड आला. आयसीयूतले किती बेड भरलेत ते स्क्रीनवर दाखवायचं, एवढंच काम. मी रंग ठरवले: 60 टक्क्यांखाली लाल, 90 च्या वर हिरवा. सर्व्हर रिकामा बसला की आमच्याकडे पैसे वाया जातात, ती सवय. डेमोत तिथल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रंग उलटे करा."

खरं तर रांगेचं गणित मी कॉलेजात शिकलोय. खिडकी एकच आणि माणसं कधीही येणार. अशी खिडकी 80 टक्के वेळ बिझी असेल, तर सरासरी थांबणं एका कामाच्या वेळेच्या चौपट होतं. 90 ला नऊपट, 95 ला एकोणीसपट. हॉस्पिटलात बेड अनेक असतात, म्हणून आकडे इतके भयंकर नसतात, पण आलेख तसाच चढतो. 1999 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका अभ्यासात कॉम्प्युटर मॉडेलवर दिसलं, की सरासरी 85 टक्क्यांच्या वर बेड भरले की तातडीच्या पेशंटना धोका सुरू होतो. 90 च्या पुढे तर बेड न मिळणं नेहमीचंच.

गणित सोपं आहे हो. मॅडमचं काम अवघड आहे.

समजा, आयसीयूतला शेवटचा बेड रिकामा आहे. दारात एक पेशंट आहे. ऑपरेशननंतर एक रात्र इथे काढली तर बरं, वॉर्डातही बहुतेक निभावेल. त्याला नाव आहे, भांडायला मेहुणा आहे, नगरसेवकाचा फोन आहे. दुसरा पेशंट अजून घरी जेवतोय. रात्री दोनला त्याला अटॅक येईल, किंवा येणारही नाही. त्याच्या बाजूने बोलणारं तिथे एकच माणूस, आणि त्या माणसाला पगार देणारे महिनाअखेरीला विचारणार, हा बेड रिकामा का होता?

जुलै 1992 मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर ट्रेनमधून पडला. डोक्याला मार. एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी त्याला परत पाठवलं. कुठे सोय नाही, कुठे बेड नाही. शेवटी खाजगीत उपचार घ्यावे लागले. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. कुठे बेड रिकामा आहे हे कळावं म्हणून मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारायलाही सांगितलं. म्हणजे जवळजवळ माझाच डॅशबोर्ड.

पण जिथे पेशंट जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेत, तिथे बेड राखून ठेवा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तरी मला वाटतं, एक राखावाच. जमिनीवरच्या माणसाला त्याचं कारण समजावणं हा त्या नोकरीचा भाग आहे, आणि ते मला जमणार नाही.

मी रंग उलटे केले. दीड महिन्याने मॅनेजमेंटकडून मेल आला: आमच्यासाठी वेगळा स्क्रीन द्या, जुन्या रंगांचा. तोही मी बनवला. काल 93 टक्के होते. एका मजल्यावर लाल, दुसऱ्यावर हिरवे.