झालर, फुगा आणि आजची मापं

कोरा कागद समोर घ्या. पेन्सिल हातात असू द्या. अजून काही काढू नका.

एक श्वास घ्या. सोडा.

आपण एक फ्रॉक काढणार आहोत, मोठ्या बाईसाठी. गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या, खाली झालर.

डोळे मिटा. फ्रॉक मनात येऊ द्या. परकर-पोलकं आलं तर तेही येऊ द्या, खणाचं, काठाचं. रंग कोणता दिसतोय?

घाई नको. रंग आपला आपण येईल.

आता डोळे उघडा. कागदावर एक छोटं अंडाकृती डोकं काढा.

चार-पाच वर्षांच्या मुलीची उंची साधारण पाच डोक्यांएवढी भरते. मोठ्या बाईची साडेसात. फॅशनच्या चित्रांत ती नऊपर्यंत ताणतात.

आपण साडेसातच ठेवू.

वरून खाली या. हनुवटी. खांदे. कंबर. गुडघे. पावलं.

इथे थांबा. पोट आहे तिथे राहू द्या. दंड आहेत तेवढे असू द्या. खोडरबर बाजूला ठेवा.

या आकाराकडे बघा. नुसतं बघा.

श्वास.

आता गळा. गळ्याभोवती बसकी, गोल टोकांची कॉलर.

1905 साली मॉड ॲडम्स ही नटी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर पीटर पॅन झाली, कधीच मोठा न होणारा मुलगा. तिच्या त्या पोशाखावरून या कॉलरला पीटर पॅनचं नाव मिळालं. तेव्हा तिची तिशी उलटली होती.

रेघ सावकाश फिरवा. डावीकडून खाली, उजवीकडून खाली. मधे एक बटण.

आता बाही. मुंढ्यापाशी बारीक चुण्या. तिथून फुगा वर उचलला जातो, दंडावर उतरतो, पट्टीत मिटतो. पट्टी काचणार नाही इतकी सैल ठेवा.

पेन्सिल कागदावर घासतेय. तो आवाज ऐका.

लहान मुलीच्या फ्रॉकला टक्स लागत नाहीत. या फ्रॉकला लागतात. काखेखालच्या शिवणीतून आत येणारी एक तिरकी, बारीक रेघ काढा. दुसऱ्या बाजूला तशीच एक.

तिथे कापड दुमडलं जातं आणि अंगाला जागा मिळते.

या दोन रेघांपाशी थोडं थांबा. कॉलर तशीच लाडिक आहे, फुगा तसाच आहे. आणि फ्रॉक बाईच्या अंगाचा झालाय.

श्वास घ्या. सोडा.

आता झालर. तिला घेराच्या दीडपट ते दुप्पट कापड लागतं. घेर 60 इंच असेल तर पट्टी 90 ते 120 इंच. जास्तीचं सगळं कापड चुण्यांत जातं.

चुण्या एकेक काढा. एक चुणी, एक श्वास.

आणखी एक चुणी. आणखी एक श्वास.

आता आत कान द्या. ‘या वयात हे शोभेल का?’ असं कुणी विचारतंय का?

विचारू द्या. उत्तर द्यायला हवंच असं नाही. पुढची चुणी काढा.

पुन्हा कान द्या. त्या प्रश्नाखाली आणखी काय आहे? एखादी जुनी हौस असेल. काहीच नसेल, तरी चालेल. तिथेच थोडं बसा.

उजव्या बाजूला एक खिसा काढा. हात मनगटापर्यंत आत जाईल एवढा खोल.

आता रंग भरा. मघाशी मनात आला होता तोच.

कागदाच्या कोपऱ्यात मापं लिहा. छाती, कंबर, मुंढा, उंची. टेप धरून घेतलेली, आजची. वजन उतरल्यावरची नकोत.

मग हा कागद शिंप्याकडे न्या. शिवणीत दीड-दोन इंच माया ठेवायला सांगा. फ्रॉक शिवून घ्या, आणि कपाटात ठेवू नका. घाला.