ग्रंथातले चांगले निवडतो कोण?



गेल्या वर्षावासातील गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सायंकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. शाळामास्तर म्हणून वाचण्याचे काम माझ्याकडे आलेले आहे. त्या दिवशी वाचन संपले, वंदना झाली, मंडळी पांगली. एक भगिनी मात्र पिशवी पोटाशी धरून बसून राहिल्या. त्यांच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वीच धम्मदीक्षा घेतली आहे. पिशवीतून त्यांनी काळ्या पुठ्ठ्याचे बायबल काढले आणि म्हणाल्या, “मास्तर, यामा चांगलंच लिखेल शे ना? मंग वाचानं का नही?”

पुस्तक त्यांच्या बहिणीने दिले होते. बहीण भुसावळकडे असते. तिचा नवरा दारूत बुडालेला होता. प्रार्थनासभेला जाऊ लागल्यापासून त्याने दारू सोडली, घरात पगार येऊ लागला, मुलगी पुन्हा शाळेत गेली. बहिणीचे म्हणणे असे की हे सारे या पुस्तकाने केले. आणि तिने आणखी एक प्रश्न टाकला होता, तोच या बाईंना रात्री झोपू देत नव्हता. “तुमच्याकडे देव नाही, मग खोटे बोलायला, चोरी करायला तुमच्या पोरांनी भ्यायचे कोणाला?”

वाचकहो, या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर देता आले नाही. मी बी.ए., बी.एड. झालेला, घराण्यातला पहिला पदवीधर. पण बायबल कधी उघडून पाहिले नव्हते. न वाचलेल्या पुस्तकावर मत देणे हे आपल्या तत्त्वात बसत नाही. मी ते पुस्तक मागून घेतले आणि महिनाभर रात्री वाचले.

आधी चांगले सांगतो. बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक आहे. त्यात अशी आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ तसाच बसलो. माझे वडील धुळ्याकडे एका शेतकऱ्याकडे सालदार होते. आखाजीला साल ठरायचे, आखाजीलाच हिशोब. एका वर्षी हिशोबात उचल जास्त निघाली असे सांगून मालकाने त्यांना हात हलवीत परत पाठविले. वडील अंगठेबहाद्दर, वहीत काय लिहिले आहे ते त्यांना कुठून कळणार? त्या वर्षी आमच्या घरी आखाजीचा घास गोड लागला नाही. ज्याने कोणी हजारो वर्षांपूर्वी मजुरीविषयी ती आज्ञा लिहिली, त्याला मजुराची संध्याकाळ माहीत होती, एवढे मला मान्य करावेच लागले.

आणखीही आहे. शेताची कापणी करताना बांधाकडेचे पीक सोडून द्यावे, खाली पडलेले मालकाने वेचू नये, तो सरवा गरिबाचा आणि परक्याचा, असे ‘लेवीय’ या पुस्तकात आहे. आपल्या आयाबहिणींनी ज्वारी-बाजरीचा सरवा वेचला आहे. त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. येशूने सांगितलेली शोमरोनी माणसाची गोष्टही लूकच्या शुभवर्तमानात आहे. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला पाहून धर्मगुरू बाजूने निघून गेला, देवळातला सेवकही निघून गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे ज्या जमातीला यहुदी लोक हलके लेखीत तिच्यातला माणूस. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, खर्चही दिला. ही गोष्ट आपल्या मुलांना सांगायला माझी काही हरकत नाही. शाळेत मी ती सांगितलीही.

पण पुस्तक एवढेच नाही. ‘निर्गम’ या पुस्तकात लिहिले आहे की मालकाने दासाला काठीने मारले आणि दास एकदोन दिवस जगला, तर मालकाला शिक्षा नाही. कारण दास हे त्याचे धन आहे. परक्या लोकांतून घेतलेले दास पोराबाळांना वारसा म्हणून ठेवता येतात, असे लेवीयात आहे. त्याच लेवीयात, ज्यात सरवा गरिबाला सोडायला सांगितला आहे! ‘शमुवेल’ या पुस्तकात एका टोळीची बायकापोरे, तान्ही मुले आणि गुरेढोरेसुद्धा मारून टाकण्याचा हुकूम देवाच्या नावाने दिलेला आहे. नव्या करारातील इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांना सांगितले आहे की मालकाची आज्ञा भीतभीत, थरथरत पाळा. मालकांनी धमकावू नये असेही पुढे म्हटले आहे, ते सांगितले नाही तर माझ्याकडून अन्याय होईल. पण दास ठेवूच नका, असे तेथे म्हटलेले नाही.

हे वाचून माझ्या मनात जो प्रश्न आला तो तुमच्यापुढे ठेवतो. मजुरीची आज्ञा वाचून माझे डोळे भरून आले आणि काठीची आज्ञा वाचून संताप आला. पुस्तक तेच, दोन्ही आज्ञा देवाच्याच नावाने. मग ही घ्यावी आणि ती टाकावी, हे मला कोणी सांगितले? पुस्तकाने तर सांगितले नाही. बाई सुपात धान्य पाखडते तेव्हा दाणा राहतो आणि फोल उडते. पण पाखडणारे हात धान्यातून उगवलेले नसतात. बायबल वाचणारा भला ख्रिस्ती माणूसही हेच करतो. तो शोमरोनी माणसाची गोष्ट मुलांना सांगतो आणि काठीची आज्ञा त्या काळची होती म्हणून बाजूला ठेवतो. चांगले करतो, पण बरेवाईट ठरविण्याचे माप त्याच्या हातात पुस्तकाच्या बाहेरून आलेले असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून माझे उत्तर असे: बायबल हे नीतीला साक्षीदार होऊ शकते, सोबती होऊ शकते, नीतीचा उगम होऊ शकत नाही.

इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेल्या विल्बरफोर्सच्या हातात बायबल होते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गुलामांच्या मालकांच्या हातातही तेच बायबल होते. गुलाम बाळगणाऱ्याला धर्मप्रचारक नेमावे की नाही या वादातून तेथील बॅप्टिस्ट लोक १८४५ साली फुटले आणि दक्षिणेकडच्यांनी आपला वेगळा संघ काढला. त्या संघाने गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल माफी मागितली ती १९९५ साली. मधल्या दीडशे वर्षांत पुस्तकातले एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली ती माणसे, आणि ती बदलली कारण गुलाम उठले, लढले, बोलले.

आपल्या महाराष्ट्रात या पुस्तकाने केलेले काम मी नाकारीत नाही. नाकारले तर कृतघ्न ठरेन. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे घेतले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सारे बायबल सोप्या मराठीत आणले आणि टाकलेल्या बायकांसाठी केडगावला आयुष्य घातले. नगर जिल्ह्यात कितीतरी महार-मांग घरांना पहिले अक्षर मिशनच्या शाळेत मिळाले. आपल्या खानदेशातही भिल्लांच्या पाड्यांवर दवाखाना आणि शाळा घेऊन मिशनरी गेले. तेव्हा गावातल्या शाळेत आपल्याला ओट्यावरही बसू देत नव्हते.

मग बाबासाहेबांनी तो मार्ग का घेतला नाही? १९३५ साली येवल्याची घोषणा झाल्यावर सर्वच धर्मांची मंडळी त्यांच्याकडे आली. १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी सांगितले की बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतली आहे. पण त्याच भाषणात त्यांनी दक्षिणेकडच्या चर्चमध्ये पाळला जाणारा जातिभेदही दाखवून दिला. तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत पुढेही उभीच होती, म्हणजे त्यांचे बोलणे किती खरे होते ते पाहा. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी मुद्दा आणखी पुढे नेला. येशूने आपण देवाचा पुत्र असल्याचे सांगितले. बुद्धाने स्वतःसाठी तसे कोणतेही स्थान मागितले नाही, आपण मार्ग दाखविणारे आहोत, मोक्ष देणारे नाही, एवढेच म्हटले. धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, ही कसोटीही त्याच लेखात आहे.

आता एक गोष्ट, जी आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. त्याच लेखात बाबासाहेबांनी म्हटले आहे की बौद्धांनाही एक ‘बायबल’ हवे. बौद्ध वाङ्मय अफाट. सामान्य माणसाने ते वाचावे कधी? म्हणून हाती धरता येईल असा एक ग्रंथ पाहिजे. तो त्यांनी स्वतःच लिहिला आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो छापून निघाला. आपण दर रविवारी वाचतो तो हाच.

येथे मला आपल्याच घराकडे पाहावे लागते. आमच्या घरात हा ग्रंथ माझ्या आईने निळ्या कापडात गुंडाळून फळीवर ठेवला होता. ती रोज त्याला अगरबत्ती लावी. उघडून मात्र कोणी वाचीत नसे. बायबल वाचून झाल्यावर मी तो खाली काढला तेव्हा कापडाला राख चिकटलेली होती आणि आतली पाने एकमेकांपासून सुटलेलीसुद्धा नव्हती. बहिणीच्या बायबलला नावे ठेवण्याचा अधिकार मला त्या क्षणी उरला नाही. कालामांना तथागतांनी काय सांगितले? परंपरेने आले म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, आणि ग्रंथात आहे म्हणूनही मानू नका. ‘ग्रंथात आहे’ यात आपला ग्रंथ येत नाही काय? मज्झिम निकायात तर त्यांनी चुकीच्या रीतीने घेतलेल्या धम्माला शेपटीकडून पकडलेल्या सापाची उपमा दिली आहे. तो उलटून चावतो. साप चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. पकड कुठे आहे हा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, मग ज्याने त्याने आपल्या मनाला येईल ते चांगले म्हणावे काय? विवेकही चुकतोच की. चुकतो, निश्चित चुकतो. म्हणूनच कालामांना नुसते ‘तुमचे तुम्ही ठरवा’ म्हणून सोडून दिलेले नाही. लोभाने, द्वेषाने, मोहाने माणसाचे हित होते की अहित, हे त्यांच्याकडूनच वदवून घेतले आणि जाणत्यांनी ज्याची निंदा केली ते टाका असेही सांगितले. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त नियम आणि तत्त्व यांतला फरक दाखविला, तोही येथे उपयोगी पडतो. नियम हा हुकूम असतो, तो पाळायचा. तत्त्वाने विचार करायचा असतो, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर राहते.

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मला याच वाटेने सापडले. वेळुद्वार गावच्या गृहस्थांना तथागतांनी शील कसे समजावले ते पाहा. मला जगायचे आहे, मरायचे नाही. माझा जीव कोणी घेतला तर मला आवडणार नाही. जे मला नकोसे आहे ते दुसऱ्यालाही नकोसे असणार. मग ते मी दुसऱ्यावर कसे लादू? चोरीचे तसेच, खोट्याचे तसेच. यात भ्यायचे कोणाला हा प्रश्न येतच नाही. माझ्या वडिलांचा हिशोब बुडविणारा मालक देवाला न भिणारा होता असे थोडेच आहे? वारी करणारा, कपाळी गंध लावणारा माणूस तो. त्याला देवाचे भय होते. सालदाराच्या घरची आखाजी मात्र त्याला दिसत नव्हती. आणि सिगालाला केलेल्या उपदेशात मालकाचे कर्तव्य काय सांगितले आहे? नोकराला शक्तीप्रमाणे काम द्या, अन्न व वेतन द्या, आजारपणात सांभाळा, गोडधोड वाटून खा, वेळेवर सुटी द्या. थरथर कापायला कोणालाच सांगितलेले नाही.

मी हे सारे त्या भगिनींना पुढल्या रविवारी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग मेहुण्याची दारू कशाने सुटली?” मी म्हटले, त्याची सुटली ही चांगली गोष्ट झाली, तिचा आनंद माना. दर आठवड्याला चार माणसे त्याची वाट पाहतात, तो आला नाही तर घरी जाऊन विचारतात, हे दारू सुटण्याचे कारण मला तरी पुरेसे वाटते. आपल्या वस्तीत पिणारे किती आहेत आणि त्यांच्या दारात आपण कितीदा गेलो, हे मात्र मी त्यांना विचारले नाही; ते मी स्वतःला विचारले.

राहिला प्रश्न पुस्तक ठेवावे की परत करावे हा. आपल्या बावीस प्रतिज्ञांत बायबलचे नाव नाही. बायबल वाचल्याने दीक्षा मोडत नाही. पण आपला विचार कुणा तारणाऱ्याच्या पायावर ठेवून मोकळे होणे आपल्या मार्गात बसत नाही. उपाली नावाचा गृहस्थ निगंठांना सोडून तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला आधी नीट विचार कर म्हटले आणि ज्या निगंठांना तुझे घर आजवर अन्न देत आले त्यांना ते देत राहा, असेही सांगितले. सत्यशोधक जोतीरावांनी तर ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात असे घर कल्पिले आहे, ज्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि तरी सारे एकमेकांशी मायेने राहतात. ते पुस्तक १८९१ साली छापले गेले. दोन सख्ख्या बहिणींना एवढे अवघड का जावे?

त्या भगिनींनी पुस्तक ठेवून घेतले. ३१ जुलैला आपली मंडळी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतात. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले असता तेथे थांबले होते, त्याची आठवण म्हणून. यंदा त्या भगिनी भुसावळच्या बहिणीलाही घेऊन आल्या होत्या. दोघी झाडाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. मी जवळून गेलो तेव्हा बहीण मला म्हणाली, “मास्तर, तुमचं पुस्तक मी वाचायले लेस, पन अगरबत्ती नही लावाव.” मी तिला माझी प्रत दिली. आईने ती आता फळीवर ठेवायची सोडली आहे.