साक्ष कोणाची?

वारकरी बंधुभगिनींनो, साक्ष म्हणजे काय हे आपल्या खेड्यापाड्यांत कोणाला शिकवावे लागत नाही. बांधाचे भांडण पंचांपुढे गेले की ते पहिल्यांदा विचारतात, 'तू डोळ्यांनी पाहिलेस का?' नसेल पाहिले तर, 'मग बाजूला बस बाबा!' खाण्यापिण्याच्या जाहिरातीत मात्र नट किंवा खेळाडू येऊन 'हे खा, हे प्या' अशी साक्ष देतो, आणि त्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. पोर दुकानाच्या दारात हटून बसले की आपण निमूटपणे पैसे काढतो.

आमच्या कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतात आणि ते धारोष्ण दूध फेसासकट पेल्यात येते. तिथे नटाचे काय काम? उसने तोंड लागते ते बंद बाटलीला.

म्हणून सगळीच नामवंत माणसे एका माळेत ओवू नयेत. पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर चालून आलेली शीतपेयाची जाहिरात नाकारली. दारू-तंबाखूची जाहिरात करू नकोस, हा वडिलांचा शब्द सचिन तेंडुलकरांनी पाळला. शीतपेयाची मात्र केली. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आमचीच साक्ष अर्धी राहील. अमिताभ बच्चन यांनी २०१४ साली स्वतःच सांगितले की, जयपूरच्या एका मुलीने त्यांना विचारले, 'आमच्या बाई ज्याला विष म्हणतात त्याची जाहिरात तुम्ही का करता?' त्या प्रश्नानंतर त्यांनी ते काम सोडले. पंचांचा प्रश्न एका पोरीने विचारला, बघा!

आता तो कायद्यातही आला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे फसव्या जाहिरातीत साक्ष देणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केले तर ५० लाखांपर्यंत. आधी खातरजमा करून बोलला असेल तर तो सुटतो.

असो. नटांचे पुष्कळ झाले. आपल्या गळ्यातली तुळशीची माळ हीही लोक साक्षच समजतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परगावचा गूळ कोल्हापुरी म्हणून खपवतात ही तक्रार आहेच. अशा बाजारात 'दुकानदार माळकरी आहे, खोटे सांगणार नाही' म्हणून एखादी माउली न विचारता ढेप उचलते.

आणि आषाढीला नंदवाळच्या वाटेवर कोणी व्यापारी कीर्तनकारांना म्हणाला, 'महाराज, आमच्या उपवासाच्या चिवड्याबद्दल दोन शब्द बोला, पाकीट ठेवतो,' तर? महाराजांनी तो चिवडा खाल्ला आहे का? घरी नातवाला देतील का? समजा दोन्हींचे उत्तर होय आले. तरी पाकिटाची गोष्ट ते श्रोत्यांना सांगतील का? फलकावरच्या नटाने पैसे घेतले असणार, हे शेंबडे पोरही जाणते. नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल ती शंका कोणाच्या मनाला शिवतही नाही. २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचना नेमके हेच म्हणतात : ऐकणाऱ्याला कल्पना नसेल असा देण्याघेण्याचा संबंध असेल, तर तो बोलणाऱ्याने आधी उघड करावा.